घरपोच भाडेकरार नोंदणी सेवा: काम चोख, पण महिन्यांचा रकाना तपासून घ्यावा

भाड्याच्या घराचा करार घरी येऊन नोंदवून देणाऱ्या सेवा आता राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. पुण्यातील अशाच एका खासगी सेवेकडून मी गेली काही वर्षे करार करून घेत आहे. पुण्यात आम्ही राहतो ते घर भाड्याचे असल्यामुळे एका करारात मी परवानाधारक, म्हणजे घर भाड्याने घेणारी, असते आणि डोंबिवलीतील आमची छोटी सदनिका वडिलांच्या व माझ्या नावावर असून ती भाड्याने दिलेली असल्यामुळे दुसऱ्या करारात मी घरमालकाच्या रकान्यात असते. एकाच सेवेला दोन्ही बाजूंनी अंगठा दिल्यामुळे तिच्या गुणदोषांबद्दल जरा सविस्तर लिहिता येईल असे वाटते. वेळ पाळणे, वागणूक आणि कागदपत्रांची तांत्रिक बाजू या तिन्ही बाबतींत ही सेवा चांगली आहे, परंतु तिचा छापील मसुदा प्रत्येक कुटुंब ११ महिन्यांनी निघून जाणार आहे असे गृहीत धरतो, आणि माझी खरी तक्रार त्याविषयी आहे.

कामाची पद्धत सोपी आहे. दोन्ही पक्षांचे आधार व पॅन क्रमांक, घराचा पत्ता, मालकीचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, भाडे, अनामत रक्कम आणि मुदत एवढी माहिती फोनवरून किंवा संदेशाने घेतली जाते. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत ती भरली जाते, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी ऑनलाइन भरली जाते आणि ठरलेल्या वेळी त्यांचा माणूस लॅपटॉप, अंगठ्याचे यंत्र व कॅमेरा घेऊन घरी येतो. मालक आणि राहणारा एकाच वेळी एका ठिकाणी असण्याची गरज पडत नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी सोय म्हणावी लागेल. आमचे घरमालक बाणेरला राहतात आणि त्यांना गुडघेदुखीमुळे जिने चढणे अवघड जाते. त्यांचा अंगठा त्यांच्या घरी सकाळी घेतला गेला आणि आमचा संध्याकाळी आमच्या घरी. पुढे दुय्यम निबंधकांनी ऑनलाइन मान्यता दिली की नोंदणीकृत करार आणि इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा अधिकृत गोषवारा, पीडीएफ स्वरूपात हाती पडतात. पूर्वी याच कामासाठी निबंधक कार्यालयात टोकन घेऊन अर्धा दिवस बसावे लागे, साक्षीदारांनाही रजा काढायला लावावी लागे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

पोलीस पडताळणीचा अर्जही ते थोड्या जास्त पैशांत भरून देतात. तो मालकाला स्वतः ऑनलाइन भरता येतो आणि त्यात अवघड काही नसल्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसले नाही.

आता मुदतीच्या रकान्याविषयी. त्यांच्या माहितीपत्रकात भाडे, अनामत, पत्ता असे सगळे रकाने कोरे असतात आणि मुदतीच्या रकान्यात मात्र '११ महिने' आधीच छापलेले असते. पहिल्यांदा मी मुदत वाढवून मागितली तेव्हा घरी आलेला मुलगा अदबीने म्हणाला, "ताई, सगळे अकराच करतात. पुढे कटकट नको म्हणून." ही कटकट म्हणजे नेमकी कोणती, हे त्याला सांगता आले नाही, आणि त्याचा त्यात काही दोष नाही, कारण या आकड्यामागे जवळपास ८० वर्षांच्या कायद्याचा आणि त्यातून मुरलेल्या भीतीचा इतिहास आहे.

मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४७ साली झाला आणि त्याने प्रमाण भाड्याचा, म्हणजे कायद्याने ठरणाऱ्या कमाल भाड्याचा, आधार म्हणून १ सप्टेंबर १९४० हा दिवस धरला. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात शहरांत माणसे लोटत असताना मालकांनी भाडी भरमसाट वाढवू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. परंतु तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला आणि त्या काळात भाडे जवळपास जागच्या जागी थिजले. भाडे वाढवता येत नाही आणि भाडेकरूला काढताही येत नाही म्हटल्यावर मालकाने आपला मोबदला एकरकमी घ्यायला सुरुवात केली, ती पागडी. जुन्या कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा होता, तरीही गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर भागातील हजारो खोल्यांचे व्यवहार त्याच वाटेने होत राहिले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने कलम ५६ मध्ये तिला कायदेशीर मान्यता दिली.

१९४७ च्या त्या जुन्या कायद्याने घर बदलण्याच्या निर्णयावर किती खोल परिणाम केला, हे आमच्याच घरात तीन पिढ्यांत दिसते. आजोबांनी गिरगावातील चाळीत पागडी देऊन दोन खोल्या घेतल्या आणि नंतर ते कधी हलले नाहीत. हलण्यात तोटाच होता, कारण नाममात्र भाड्याचा हक्क त्या खोल्यांशी बांधलेला होता, बाहेर पडले की बाजारभावाने नवी जागा शोधावी लागली असती आणि आपली जागा दुसऱ्याला द्यायची म्हटली तर मिळालेल्या पागडीत मालकाचा वाटा निघाला असता. भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क मिळतो तो त्याच्यासोबत त्या जागेत राहणाऱ्या कुटुंबीयाला, आणि सबळ कारण नसताना जागा ६ महिने वापराविना राहिली तर तेच मालकाच्या हाती जागा परत मागण्याचे कारण ठरू शकते, त्यामुळे कुटुंबातील कोणीतरी सतत तिथे राहणे भागच असते. काकांना नागपूरला बढतीवर जाण्याची संधी आली होती, ती त्यांनी 'जागा राखायला कोण?' या एका प्रश्नावर सोडली. वडिलांनी लग्नानंतर डोंबिवलीला सदनिका घेतली तरी त्यांचे नाव बरीच वर्षे गिरगावच्या रेशनकार्डावर राहिले. घर लहान पडले, नोकरी लांब गेली, म्हातारपणी जिने झेपेनासे झाले, तरी घर बदलायचे नाही, असा हा हिशेब होता आणि तो मूर्खपणाचा मुळीच नव्हता. कायद्याने जे बक्षीस न हलणाऱ्याला ठेवले होते, ते माणसे घेत होती.

त्याच वेळी मालकाच्या बाजूचा हिशेब उलटा चालू होता. भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघत नसल्यामुळे इमारती खचत गेल्या आणि मुंबई शहरातील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी खास उपकर लावलेल्या जुन्या, इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ स्थापन करावे लागले. भाडेकरू होऊ नयेत म्हणून मालक जागा 'लिव्ह अँड लायसन्स'ने, म्हणजे केवळ वापराच्या परवान्याने, देऊ लागले होते, परंतु १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. ज्यांना घर टिकवता आले त्यांच्या दृष्टीने ती दुरुस्ती वरदान ठरली, पण घर देणाऱ्यांनी त्यातून घेतलेला धडा पिढ्यानपिढ्या सांगितला गेला की माणूस फार दिवस राहू द्यायचा नाही, नाहीतर जागा गेली म्हणून समजा. डोंबिवलीची सदनिका भाड्याने द्यायचे ठरले तेव्हा वडिलांचे पहिले वाक्य हेच होते, आणि ते तर स्वतः भाडेकरूच्या घरात वाढलेले. कित्येकांनी हा धोका पत्करण्यापेक्षा घराला कुलूप लावणे पसंत केले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्या सगळ्यांचे खापर भाडेकायद्यावर फोडता येणार नाही, कारण गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली घरेही त्यांत आहेत, परंतु भीतीने कुलूपबंद केलेल्या सदनिका आमच्या सोसायटीतही मोजता येतील.

हा परिणाम केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९४ साली मतदानाने लहान जुन्या इमारतींना भाडेनियंत्रण लागू झाले, त्याचा पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला. त्यात संरक्षण मिळालेले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढल्याचे आणि मालकांनी भाड्याने देण्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी कमी केल्याचे आढळले. आत असलेल्याला स्थैर्य आणि बाहेर असलेल्याला टंचाई हे जोडपे सहसा एकत्रच येते.

आता आजच्या कायद्याकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात १९९७ च्या डिसेंबरमध्ये भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले आणि त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बहुतांशी कायम ठेवले, भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी मात्र अगदी वेगळी वाट आखली. कलम २४ नुसार मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची, न सोडल्यास परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यायची आणि मालकाने दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे न झगडता या कामासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात जे लिहिले असेल तो त्या बाबींचा निर्णायक पुरावा मानला जातो. कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार, मग तो कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न पाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरपोच नोंदणीच्या सेवा या कलमाच्या जोरावरच चालतात.

यावरून ११ महिन्यांच्या आग्रहाला आज फारसा आधार उरलेला नाही हे ध्यानात येईल. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, या देशभरच्या नियमातून तो आकडा आला, पण महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्के हा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना सारखाच आहे. मालकाला वाटणारी 'हक्क लागण्याची' भीतीही कलम २४ ने दूर केली आहे, कारण मुदत ११ महिने असो की ३३, ती संपल्यावर जागा परत मागण्याचा त्याचा अधिकार तोच राहतो. म्हणजे आजोबांच्या पिढीला ज्या कायद्याने जागेवरून हलू दिले नाही, त्याच कायद्याची धास्ती आमच्या पिढीला दर वर्षाला हलवते आहे, आणि ज्या तरतुदींमुळे ती धास्ती निराधार ठरते, त्या प्रत्येक मसुद्याच्या पहिल्या पानावर छापलेल्या असूनही कोणी वाचत नाही.

पैशांचा हिशेबही पाहावा. महिना २०,००० रुपये भाडे आणि १,००,००० रुपये परत मिळणारी अनामत असेल, तर ११ महिन्यांचे भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज मिळून सुमारे २,२९,१६७ रुपयांवर मुद्रांक शुल्क पडते, ते होते सुमारे ५७३ रुपये. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे, ग्रामीण भागात ५००. भाडे तेवढेच राहिले असे धरले तर ११ महिन्यांच्या तीन करारांना मिळून सुमारे ४,७१९ रुपये लागतात आणि ३३ महिन्यांच्या एकाच कराराला सुमारे २,७१९ रुपये. सेवेचे शुल्क तीनदा द्यायचे ते एकदाच द्यावे लागते, ही बचत वेगळीच. अर्थात खरा खर्च या आकड्यांत नाही. दर वेळी घर बदलायचे म्हणजे दलालाला भाड्याएवढी दलाली, टेम्पोचे पैसे, गॅसच्या जोडणीची बदली, आधारवरील पत्ता, मुलाच्या शाळेच्या बसचा नवा मार्ग आणि जुनी अनामत हातात पडण्याआधी नवी भरण्याची ओढाताण. दलालाला आणि नोंदणी सेवेला मात्र छोट्या मुदतीच्या प्रत्येक नूतनीकरणातून नवे शुल्क मिळते. त्यामुळे रकान्यात ११ हा आकडा आधीच छापलेला असणे ही निव्वळ सवय आहे असे मानायला मी तयार नाही.

मी आग्रह धरल्यावर त्यांनी ३३ महिन्यांचा करार करून दिला, हे नोंदवायला हवे. त्यासाठी मसुद्यात बदल करण्याचे जादा शुल्क आकारले, तेही समजण्यासारखे आहे. दर ११ महिन्यांनी भाड्यात ५ टक्के वाढ, पहिल्या वर्षी कोणीच करार मोडायचा नाही आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाने २ महिन्यांची सूचना द्यायची, अशी कलमे घालून घेतली. घरमालक काका सुरुवातीला कचरत होते, पण भाडेवाढ आधीच ठरलेली आहे आणि दर वर्षी नवा माणूस शोधताना घर रिकामे राहण्याचा तोटा टळतो हे पटल्यावर त्यांनीच सोसायटीतील आणखी एका मालकाला हा नमुना पाठवला.

मसुद्याच्या बाकीच्या कलमांबद्दल मात्र मी तितके चांगले लिहू शकत नाही. मुदतीनंतर जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क, हे कलम ठळक अक्षरांत असते. अनामत किती दिवसांत परत करायची, तिच्यातून कोणत्या कारणासाठी किती वजावट करता येईल, यावर अवाक्षर नव्हते. आधीच्या घरातून निघताना रंगकामाच्या नावाखाली अनामतीतील बरीच रक्कम कापली गेली, तेव्हा करारात दाखवण्यासारखी एकही ओळ नव्हती. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत जास्तीत जास्त २ महिन्यांच्या भाड्याइतकी असावी अशी मर्यादा आहे, पण तो कायदा राज्यांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळे तोवर करारातील शब्द हाच राहणाऱ्याचा आधार असतो. नोंदणी सेवेने या एका विषयावर दोन वाक्यांचे निष्पक्ष कलम आपल्या नमुन्यात घातले, तर शेकडो घरांतील भांडणे कमी होतील. घरमालक म्हणूनही मला असे कलम हवे आहे, कारण डोंबिवलीच्या घरातील फुटलेल्या सिंकचे पैसे कापताना मलाही काही आधार नव्हता.

दुसरी उणीव वेळेची आहे. मसुदा अंगठा घेण्याच्या आदल्या रात्री उशिरा आला आणि त्यात सदनिकेचा क्रमांक चुकलेला होता. आम्ही वाचला म्हणून तो दुरुस्त झाला, नाहीतर नोंदणीनंतर चूक दुरुस्ती करण्याचा वेगळा खटाटोप करावा लागला असता. पैशांची पावतीही एकरकमी दिली जाते. सरकारी शुल्क किती आणि सेवेचे किती, हे वेगळे दाखवून चलनाची प्रत द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही. मागितल्यावर त्यांनी ती दिली.

ज्यांच्याकडे अंगठ्याचे यंत्र आहे आणि अर्ज भरण्याची तयारी आहे त्यांना विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःही करार नोंदवता येतो. वयस्कर मालक, परगावचे मालक किंवा दोघांच्या वेळा जुळत नसलेली घरे यांच्यासाठी मात्र घरपोच सेवाच सोयीची आहे, आणि तिथे मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. मुलांची शाळा सुरू असलेल्या कुटुंबांनी फोनवर माहिती देतानाच मुदत, भाडेवाढ, सूचनेचा कालावधी आणि अनामत परतीची मुदत सांगून टाकावी व मसुदा किमान दोन दिवस आधी मागावा. पाचपैकी साडेतीन तारे देत आहे. अर्धा तारा उशिरा आलेल्या मसुद्यापोटी आणि एकरकमी पावतीपोटी कापला आहे, उरलेला एक आधीच छापलेल्या ११ या आकड्यासाठी, आणि त्यांनी तो रकाना कोरा ठेवला तर तो परत द्यायला माझी हरकत नाही.